क्रमांक द्या

गमरे मॅडमना मी अकरा वर्षं खडू पुरवले. आमचं नातं एवढंच, आणि ते कामाचं होतं. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, त्या संख्याशास्त्राच्या शिक्षिका. वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड लागले तेव्हा खडूची खरेदी बंद करा असा आदेश निघाला. मी बंद केली नाही. स्टेशनरीच्या यादीत 'इतर' म्हणून महिन्याला दोन खोके मागवत राहिले. त्या बोर्डाचा रिमोट हरवला की सगळी बोंबाबोंब माझ्याच खिडकीवर व्हायची, आणि गमरे मॅडमच्या वर्गातून रिमोट मागायला कधी कोणी आलं नाही. ज्यांचा त्रास नाही त्यांचं काम आधी करायचं, हा माझा नियम आहे.

त्या सहा खडू मोजून घ्यायच्या आणि तिथेच, माझ्या टेबलाशी उभं राहून, प्रत्येकाचे दोन तुकडे करायच्या. अख्खा खडू किंचाळतो, म्हणायच्या. भुकटी माझ्या रजिस्टरवर पडायची. मी फुंकर मारायचे, त्या सॉरी म्हणायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बुटक्या, चालणं झपझप, आणि उजव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत चढवलेला एक जुना पायमोजा, बोटांकडून कापलेला. बाहीला खडू लागू नये म्हणून. मुलं त्यांना मोजा मॅडम म्हणायची. पहिल्यांदा हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी तसं म्हणणाऱ्या मुलीला झापणार होते. गमरे मॅडमनीच थांबवलं. "बरोबर आहे की. आयुष्यभर सगळ्यांना तेच तर सांगतेय, मोजा, मोजा."

माझं ऑफिस आणि चौदा नंबरचा वर्ग यांच्यात फक्त प्लायवूड. त्यामुळे मी त्यांना जितकं ऐकलंय तितकं त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं ऐकलेलं नाही. मला संख्याशास्त्र येत नाही, पण शिकवणं कशाला म्हणतात ते त्या प्लायवूडमधून कळलं, आणि पुढच्या तासाला त्याच वर्गात दुसरं कोणी आलं की कशाला म्हणत नाहीत तेही कळलं.

"समजलं का?" हे त्यांनी कधी विचारलं नाही. सगळी हो म्हणतात, घरी जायची घाई असते, असं त्यांचं म्हणणं. गणित सोडवायला दिलं की त्या विचारायच्या, "चला, चुकीचं उत्तर कोण देतंय?" पहिल्या वर्षाची मुलं गार पडायची. मग कोणीतरी धीर करून एक आकडा सांगायचं. मॅडम तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायच्या आणि शहाणासुरता माणूस या आकड्यावर कसा येऊन पोचेल त्याची चर्चा सुरू व्हायची. "अरे, ये तो मैंने भी किया था," अर्ध्या वर्गाला मराठी येत नसल्यानं त्या सांगायच्या, "सेकंड इयरला. पेपरमध्ये. पूरे आठ मार्क गये." वर्ग हसायचा आणि दुसरा चुकीचा आकडा यायचा.

एकदा उपप्राचार्यांनी जाता जाता फळा पाहिला. पाच उत्तरं, पाचही चुकलेली. त्यांनी खुलासा मागवला. ती नोटीस मीच टाइप केली. मॅडमनी तिच्याखाली एक ओळ लिहून परत पाठवली: बरोबर उत्तर दुसऱ्या दिवशी मुलांनी लिहिलं.

एक वर्ष सुझन नावाची मुलगी होती, तारोडीची. घरी मासळीचा धंदा. शेवटच्या बाकावर बसायची आणि तोंड उघडायची नाही, कारण तिचं हाय-न्हाय ऐकून मीरा रोडची पोरं खिदळायची. त्या दिवशी नमुना कसा निवडायचा हा विषय होता. मॅडमनी विचारलं, बाजारात मासे घेताना टोपलीतले किती बघता? कोणी म्हणालं दोन, कोणी म्हणालं चार. कुठले? वरचे. तेव्हा मागून कोणीतरी फुस्सकन हसलं.

"सुझन, का हसलीस?"

बाक सरकल्याचा आवाज आला. मग, "वरची मासली दाखवाला असते. आमची आय वर बघतच न्हाय. हात खाली घालते. तिथं काय हाय ते खरं."

मॅडमनी तिला पुढे बोलावलं. तासभर ती मुलगी सांगत होती, टोपली कशी भरतात, बर्फ कुठे घालतात, कालचा माल कुठल्या थरात जातो, गिऱ्हाईक कसं फसतं आणि कुठलं फसत नाही. मॅडमनी फळ्यावर वरची, मधली, खालची असे तिचेच शब्द लिहिले आणि पुस्तकातलं नाव शेवटच्या पाच मिनिटांत त्या शब्दांपुढे नुसतं जोडून दिलं. त्या तासाला माझ्या एकाही पावतीची नोंद झाली नाही.

तेव्हापासून कुठलाही अहवाल समोर आला की मॅडम विचारायच्या, यात कोणी हात खाली घातलाय का? वर्गात हे चालायचं. स्टाफच्या मीटिंगमध्येही त्या विचारायच्या, तिथे चालायचं नाही.

आता कॉलेजांच्या क्रमवारीचं सांगते. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी सिग्नलला गाडी थांबलेली असताना दुसऱ्या एका कॉलेजचा फ्लेक्स पाहिला. त्यावर त्या कॉलेजचा क्रमांक होता. आल्या आल्या त्यांनी प्राचार्यांना विचारलं, आपला नंबर कुठे? आपण यादीतच नव्हतो. महिन्याभरात दुसऱ्या मजल्यावर गुणवत्ता कक्ष उघडला, दोन कपाटं, तीन कॉम्प्युटर, एसी. फॉर्म आला तो मी पूर्ण वाचला, कारण अर्धी माहिती माझ्याकडून जायची होती. इमारतीचं क्षेत्रफळ, पुस्तकं, संशोधनाचे पेपर, किती शिक्षकांना पीएचडी, किती जणांनी कितीदा प्रशिक्षण घेतलं, किती मुलांना नोकऱ्या लागल्या. शिकवतात कसं, हे विचारणारा रकाना एकच. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाची सरासरी.

गमरे मॅडमना पीएचडी नव्हती. नाव नोंदवलं होतं, मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे मिळेपर्यंत मुदत संपली. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नवीन पत्र. ती पत्रं मीच टाइप करायचे. अकरा पत्रांत फक्त वर्ष बदललं. केबिन रोडच्या मागे दोन खोल्यांत घर, नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, मुलगी बारावीला. सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएचडीशिवाय दुसरं कॉलेज दारात उभं करत नाही. खासगी क्लासवाल्यांकडे जाऊन आल्या होत्या. त्यांना चुकीची उत्तरं नको होती. त्यामुळे जून हा महिना त्यांच्यासाठी काय असतो ते मला माहीत होतं, आणि अभिप्राय तीनच्या खाली गेला त्याला पुढल्या वर्षी तास नाहीत, असा ठराव संस्थेनं केला तेव्हा मला त्यांची काळजी अजिबात वाटली नाही. त्यांना कमी कोण देणार?

अभिप्रायाचा फॉर्म इंग्रजीत आला होता. गुणवत्ता कक्षानं माझ्याकडे दिला, प्रत्येक प्रश्नाखाली मराठी घाला म्हणून. एक ते पाचमध्ये रेट करा, असं होतं. आता रेट म्हणजे काय लिहायचं? 'भाव द्या' लिहिता येत नाही. 'गुण द्या' हा शब्द मला सुचला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. पण गुण शिक्षकांनी विद्यार्थ्यांना द्यायचे असतात. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना गुण द्या म्हणणं मला आगाऊपणाचं वाटलं. म्हणून मी लिहिलं, '१ ते ५ पैकी क्रमांक द्या'. पाच म्हणजे सर्वोत्तम ही ओळ अगदी वर इंग्रजीत होती. मोबाइलवर फॉर्म खाली सरकवला की ती दिसेनाशी व्हायची.

आमच्याकडे वडापाव आवडला तरी माणूस म्हणतो, एक नंबर. मराठी म्हणतो, हिंदी बोलणारा म्हणतो, गुजराती दुकानदारही म्हणतो. मुलांनी आपल्या आवडत्या शिक्षकांना मनापासून एक नंबर दिला, नावडत्यांना पाच.

निकाल आला त्यात गमरे मॅडम सगळ्यांत खाली, दोनच्याही आत. सगळ्यांत वर नाडकर्णी सर. नाडकर्णी सर सज्जन माणूस, पण वर्गात स्लाइड वाचून दाखवायचे, आणि तीही मुलांकडे पाठ करून. मला काही कळेना. मॅडमनी सरासरी नको म्हटलं, मुलांनी दिलेले सुटे आकडे मागितले. मी दिले. जुन्या नोटिशीच्या पाठीवर त्यांनी उभ्या उभ्याच चित्र काढलं. एकावर एक डोंगर, पाचावर एक टेकडी, मध्ये मैदान.

"शिर्के मॅडम, ही एका प्रश्नाची उत्तरं नाहीयेत. दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत." मग त्यांनी फॉर्म मागितला, वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 

"हा शब्द माझा," मी म्हटलं.

"चांगला शब्द आहे. इथे नको होता."

मी चुकीवर रडत बसणारी बाई नाही. चूक झाली की दुरुस्त करायची. तो तक्ता माझ्या कॉम्प्युटरवर होता, सोमवारी अध्यक्षांकडे जायचा होता. मी म्हटलं, तुमचे एक आहेत त्यांचे पाच करते, पाचाचे एक, दहा मिनिटांचं काम आहे, कोणाला कळणारही नाही.

"आणि ज्यांनी खरंच वाईट म्हणून एक दिला त्यांचं काय? असतील की. मी सगळ्यांना आवडते थोडीच."

"मग सगळ्याच शिक्षकांचे उलटवते."

"मग ज्यांनी वरची ओळ वाचून पाच दिले ते खोटे पडले. कोणी काय वाचलं हे आता शोधून निघणार नाही. परत घ्यायला हवा."

मला राग आला. मी सांगितलं की तुमचं पत्र मी टाइप करते, आणि या जूनला ते माझ्याकडे टाइप करायला येणार नाही, हे कळतंय का? कळतंय, म्हणाल्या. त्यांचे तास संपलेले होते, तरी त्यांनी एक खडू घेतला आणि मोडला.

प्राचार्यांकडे आम्ही दोघी गेलो. माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. त्यांनी चित्र पाहिलं, समजलंही त्यांना. पण क्रमवारीसाठी माहिती वर भरून झाली होती आणि फॉर्म बंद झाला होता. अभिप्रायात गोंधळ आहे असं कळवलं तर अख्खी फाइल परत येणार. शिवाय कॉलेजची सरासरी चांगली आली होती.

"सर, ती त्या चुकीमुळेच चांगली आलीये," मॅडम म्हणाल्या.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही शिकवता हे मला माहीत नाही का? पण ते मी कुठल्या रकान्यात लिहू?"

मॅडमनी चित्र उचललं आणि आम्ही बाहेर आलो.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे कळलंच. पुढच्या आठवड्यात चाळीसेक सह्यांचा अर्ज घेऊन ती माझ्या खिडकीशी आली, आम्ही एक नंबर म्हणजे बेस्ट म्हटलं होतं, परत फॉर्म द्या. मी आवक क्रमांक टाकणार एवढ्यात मॅडम आल्या आणि त्यांनी तो कागद मुलांच्या हातात परत दिला. आता तुम्हाला माहीत आहे की हा आकडा कशासाठी हवाय, त्या म्हणाल्या, आता तो आकडा राहिला नाही, विनंती झाली. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, लेकिन सच तो यही है ना?" मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि तिला वर्गात जायला सांगितलं. मुलं गेल्यावर त्या थोडा वेळ माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हट्टीपणा म्हणावा की काय, मला तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही. पण एवढं दिसलं की त्यांना बाहेर काढू शकेल असं प्रत्येक दार त्या स्वतःच तपासत होत्या आणि ते खोटं निघालं की आपल्याच हातानं बंद करत होत्या.

तीनच्या खालच्या शिक्षकांसाठी संस्थेनं तीन दिवसांचं परिणामकारक अध्यापनाचं शिबिर ठेवलं. शिकवणार सर्वाधिक सरासरीवाले, म्हणजे नाडकर्णी सर. शिबिरार्थी चार. मॅडम तिन्ही दिवस वेळेवर गेल्या, वही घेऊन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाडकर्णी सर माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. काही हवंय का, विचारलं. नाही म्हणाले. मग म्हणाले, "त्या लिहून घेत होत्या हो. मी जे काही बोलत होतो ते सगळं त्या लिहून घेत होत्या." आणि प्रमाणपत्रांचा गठ्ठा ठेवून निघून गेले. ती चार प्रमाणपत्रं पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये प्रशिक्षणाच्या रकान्यात धरली गेली.

जूनमध्ये मला वाटलं होतं तसं झालं नाही. पत्र आलं, टाइप करायला माझ्याकडेच. गुणवत्ता कक्षाला आकडे कळणारं माणूस हवं होतं, आणि सगळ्या इमारतीत आकडे कळणारं माणूस एकच होतं. गमरे मॅडमची नेमणूक माहिती सहायक म्हणून, दहा ते सहा, बारमाही. दर जूनची टांगती तलवार संपली. प्राचार्यांनी खूप खटपट करून ते मिळवलं होतं, हेही नोंदवायला हवं.

मॅडमनी पत्र उभ्यानंच वाचलं. "तास किती?"

"नाहीत."

"शून्य असं लिहिलंय का कुठे?"

"नाही. या पत्रात तो मजकूरच नसतो."

त्यांनी पुन्हा वरपासून वाचलं. मुलीचा प्रवेश त्या आठवड्यात होता. बाहेर चौदा नंबरसमोर मुलांचा कलकलाट चालू होता, नवीन वेळापत्रक लागलं होतं आणि संख्याशास्त्रापुढे एका पीएचडीवाल्या नवीन सरांचं नाव होतं. मॅडमनी सही केली, तारीख घातली आणि जिन्याकडे वळल्या. मी त्या महिन्यात खडू मागवले नाहीत.

पुढच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर मी 'गुण द्या' लिहिलं. ते उद्धट वाटायचं थांबलं होतं. शिक्षकांच्या यादीत गमरे मॅडमचं नाव नव्हतं. प्लायवूडपलीकडून नवीन सरांचा आवाज यायचा, तास संपताना ते समजलं का विचारायचे आणि सगळी मुलं हो म्हणायची.

त्यानंतरच्या यादीत आमच्या कॉलेजचं नाव आलं. बऱ्यापैकी वर आलं. अध्यक्षांनी पेढे वाटले आणि इमारतीच्या दर्शनी बाजूला दोन मजली फ्लेक्स लावला. भाषणात त्यांनी गुणवत्ता कक्षाचे आभार मानले. मॅडमनी त्या फॉर्ममध्ये एकही खोटा आकडा जाऊ दिला नव्हता, हे मला माहीत आहे, कारण दर चार दिवसांनी त्या माझ्याकडे मूळ कागद मागायला यायच्या. तरी नंबर आला. खरे आकडे भरूनही येतो, फक्त रकाने बरोबर पकडावे लागतात. त्यांना ते उत्तम जमलं. म्हणून तर त्यांना तिथून कोणी हलवणार नव्हतं.

मग माझी बदली संस्थेच्या भाईंदरच्या शाळेत झाली. दीड वर्षानं सेवापुस्तकावर एक सही राहिली म्हणून कॉलेजात गेले. सही गुणवत्ता कक्षातल्या समन्वयकाची होती, एक तरतरीत तरुण मुलगी, मॅडमच्या मुलीहून पाचसात वर्षांनी मोठी असेल. दुपारचे बारा वाजले होते आणि खोलीत ट्यूबलाइट जळत होत्या. खिडक्यांवर बाहेरून फ्लेक्स आलेला. कापडातून पिवळट उजेड येत होता आणि आमच्या कॉलेजचा क्रमांक आतून उलटा दिसत होता.

मॅडम फोनवर होत्या. समोर माजी विद्यार्थ्यांची यादी, कोणाला नोकरी लागली ते विचारायचं काम. मला पाहून त्यांनी हातानं बसायला सांगितलं.

"कुठे लागलीस? ... बरं. कायम आहे ना? ... छान." त्यांनी यादीत खूण केली. पलीकडची मुलगी काहीतरी विचारत असावी, कारण मॅडम ऐकत राहिल्या, मग खुर्चीत पुढे सरकल्या. "थांब, थांब. शाखा किती? आणि माणसं सगळीकडे सारखी आहेत का? ... मग त्यांची सरळ सरासरी कशी काढतेस? कागद आहे जवळ? घे. आडवी रेघ मार." त्यांनी स्वतःही यादीच्या पाठीवर आडवी रेघ मारली, समोरची मुलगी बघत असल्यासारखी. "आता सगळ्यात लहान शाखा कुठे बसेल? ... नाही, घाई नको. विचार कर. मी थांबलेय."

त्या थांबल्या. पेन्सिल रेघेच्या वर तशीच धरलेली. मी त्यांचा हा चेहरा कधी पाहिला नव्हता. अकरा वर्षं मी प्लायवूडच्या अलीकडे होते.

समन्वयक बाईंनी माझ्या कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "मॅडम, अजून सत्तर कॉल बाकी आहेत. आजच अपलोड करायचंय."

"हो," मॅडम म्हणाल्या. मग फोनमध्ये, "तुझा हुद्दा काय लिहू? ... ते नंतर बघू. हुद्दा सांग." त्यांनी तो यादीत लिहिला. पलीकडची मुलगी अजून बोलत होती. तिला बहुतेक उत्तर सापडत आलं होतं.

"रेघ तशीच ठेव," मॅडम म्हणाल्या, फोन बंद केला आणि यादीतला पुढचा नंबर लावला.